घडीचा कॅमेरा

पावसाळा सरला आणि घराघरांतून दसऱ्याची झाडलोट सुरू झाली, म्हणजे महाड-पोलादपूरकडील जुन्या घरांच्या माळ्यांवरून नाना वस्तू खाली येतात. पितळेची समई, किल्ली हरवलेली ट्रंक, मोडलेला पाळणा यांच्या सोबतीने एखादे वेळी हाताच्या पंजाएवढी एक काळी, चपटी पेटी निघते. तिच्यावर चामडे चढवलेले असते. धातूच्या कडांवरील निकेलचा मुलामा कोठे कोठे उडालेला असतो. प्रथमदर्शनी ते चश्म्याचे मोठे घर वाटावे किंवा तपकिरीची थोराड डबी वाटावी. परंतु कडेची बारीक कळ दाबताच तिची एक बाजू झाकणासारखी खाली उघडते, झाकणावरील रुळांवरून भिंग पुढे ओढता येते आणि त्याच्यामागोमाग घड्याघड्यांचा एक काळा भाता उलगडत जातो. हा घडीचा कॅमेरा होय. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखातून कित्येक माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस जात आणि सणावारी गावी परतत. त्यांच्यापैकी ज्यांना थोडीबहुत ऐपत आणि हौस होती, त्यांच्या ट्रंकेतून असली यंत्रे कोकणात आली.

कॅमेऱ्याला घडी कशासाठी, हा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर कौलारू घरातच मिळते. भर दुपारी कौलांच्या फटीतून घरात कवडसा पडतो. फट वेडीवाकडी असली, तरी जमिनीवर पडणारा कवडसा मात्र बहुधा वाटोळा दिसतो. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. अंधाऱ्या खोलीत लहानशा छिद्रातून शिरलेला प्रकाश समोरच्या पडद्यावर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटवतो. छिद्राच्या जागी भिंग बसवले की ती प्रतिमा तेजस्वी व रेखीव होते, आणि पडद्याच्या जागी प्रकाशाने पालटणाऱ्या रसायनाचा लेप दिलेली फिल्म ठेवली की ती टिकाऊही होते. सारांश, कॅमेरा ही एक छोटी अंधारी खोलीच आहे.

मात्र या खोलीची लांबी मनास येईल तशी ठेवता येत नाही. प्रतिमा रेखीव यावयाची, तर भिंग व फिल्म यांच्यामध्ये ठरावीक अंतर राखावे लागते. सहा सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर लांब चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात हे अंतर साधारणपणे दहा-अकरा सेंटिमीटर असते. एवढी खोल पेटी कोटाच्या खिशात कशी मावणार? लोहाराच्या किंवा बाजाच्या पेटीच्या भात्याला जी युक्ती असते, तीच येथे उपयोगी पडली. भाता उलगडला की खोली हवी तेवढी लांब होते. मिटला की तीच खोली तीन-चार सेंटिमीटर जाडीच्या पेटीत गडप होते.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती. पण त्या काळचा छायाचित्रकार म्हणजे लाकडी पेटारा, तिपाई, काचेच्या पट्ट्या आणि रसायनांच्या बाटल्या वाहून नेणारा गृहस्थ. अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये कोडॅक नावाचा रिळाचा कॅमेरा काढला आणि हा बोजा उतरवला. पुढे १८९७ च्या सुमारास त्याच्या कंपनीचा घडीचा खिसा-कॅमेरा आला. १९१२ मध्ये त्याहून लहान असा ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’ निघाला. तो खरोखरच जाकिटाच्या खिशात मावत असे आणि त्यात एका रिळावर आठ चित्रे निघत. पहिल्या महायुद्धात कित्येक युरोपियन सैनिकांनी तो जवळ बाळगला. जर्मनीतील झाइस इकॉन कंपनीचा ‘इकोंटा’ १९२९ मध्ये आला, तर अ‍ॅग्फा कंपनीचा ‘इझोलेट’ त्यानंतरच्या दशकात. कळ दाबताच भिंग आपोआप पुढे येऊन जागच्या जागी बसणे हे या पिढीचे वैशिष्ट्य. त्यानंतर पस्तीस मिलिमीटरच्या अरुंद फिल्मचे कॅमेरे सर्वत्र पसरले, त्यांना भात्याची गरज राहिली नाही आणि घडीचे कॅमेरे माळ्यांवर गेले.

माळ्यावर त्यांचे काय होते, हे त्या माळ्याच्या हवेवर अवलंबून असते. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते. तेथे काळ व गांधारी या नद्या तिला मिळतात आणि पुढे बाणकोटापाशी ती समुद्रात जाते. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात ते याच खोऱ्यावर. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात येथे कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, मीठ पाझरते आणि चपलांवर पांढरी बुरशी चढते. चपलेचे चामडे आणि कॅमेऱ्याचे चामडे यांत बुरशी भेदभाव करीत नाही. याउलट चैत्र-वैशाखात महाडचा उन्हाळाही तसाच कडक असतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर हात ठेववत नाही. वर्षानुवर्षे भिजणे आणि भाजणे असे आळीपाळीने सोसलेला कॅमेरा बाहेरून धडधाकट दिसला, तरी त्याची खरी प्रकृती आत पाहिल्यावाचून कळत नाही.

पहिली परीक्षा भात्याची. तो चामड्याचा किंवा मेणकापडासारख्या कापडाचा असून आतून काळ्या कापडाचे अस्तर असते. सतत मिटून राहिल्याने आणि उन्हाळ्यात कोरडा पडल्याने तो प्रथम झिजतो तो घड्यांच्या कोपऱ्यांवर. तेथे सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडतात. उजेडात ती दिसत नाहीत. त्यासाठी रात्री दिवे मालवून, कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून आत एक लहान विजेरी ठेवावी आणि भाता सावकाश पुढेमागे करीत बाहेरून न्याहाळावा. छिद्रे असतील, तर काळ्या भात्यावर चांदण्या उगवल्यासारखी दिसतात. एकच चांदणीसुद्धा चित्राचा नाश करावयास पुरेशी असते. कारण भिंगातून येणारा प्रकाश क्षणाच्या काही अंशापुरता आत येतो, तर या छिद्रातून तो भाता उघडा असेपर्यंत एकसारखा झिरपत राहतो. अशा कॅमेऱ्यातील चित्रांवर धुक्याचे पांढरे पट्टे उमटतात. छिद्रे थोडी असल्यास लवचिक काळ्या रंगाने ती बुजवता येतात. ठिगळ जाड लावले, तर मात्र भाता पुरता मिटत नाही आणि जोर करून मिटवला, तर शेजारची घडी फाटते. भाता ओला झाला असेल, तर तो मिटलेल्या स्थितीत कधीही वाळू देऊ नये. घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढे उलगडताना त्यांचे पापुद्रे निघतात. तो हलक्या हाताने उघडून सावलीत वाऱ्यावर ठेवावा. चुलीजवळ किंवा उन्हात नव्हे.

याच परीक्षेत मागच्या झाकणावरील लाल काचही पाहावी. फिल्मच्या पाठीवरील कागदावर चित्रांचे अनुक्रमांक छापलेले असतात आणि ते या काचेतून वाचून किल्ली फिरवावयाची असते. ही काच लालच का? त्या काळच्या पुष्कळशा फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा फारसा परिणाम होत नसे, म्हणून. आजच्या फिल्म तांबडा प्रकाशही टिपतात. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यात नवी फिल्म घातल्यास ही काच एरवी काळ्या पट्टीने झाकून ठेवावी लागते. यंत्र निर्दोष असूनही काळ बदलल्यामुळे त्यात दोष उत्पन्न झाला, असे हे उदाहरण आहे.

भिंगाचे दुखणे अधिक नाजूक. ते डोळ्यासमोर धरून आरपार पाहिले असता कधी आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. ही बुरशी. काच निर्जीव, मग तिच्यावर बुरशी खाते तरी काय? काचेवर बसलेली धूळ, बोटांच्या ठशांतील स्निग्धांश, यंत्रातील तेलाची वाफ एवढा आहार तिला पुरतो. अंधार, कोंडलेली हवा आणि दमटपणा यांची जोड मिळाली की ती वाढीस लागते. हवेतील आर्द्रता शेकडा सत्तरच्या वर दीर्घकाळ राहिली, तर तिचा धोका असतो. महाड-पोलादपुरास पावसाळ्याचे चारही महिने ती त्याहून जास्त असते. बुरशीतून पाझरणारी आम्ले हळूहळू काचेलाच खातात. आरंभी ती पुसली जाते. पण पुष्कळ वर्षे राहिल्यास बुरशी गेली, तरी तिची नक्षी काचेवर कायमची कोरलेली राहते. म्हणूनच लवकर पाहणे आणि लवकर उपाय करणे यालाच महत्त्व आहे. तो उपाय जाणकाराने करावयाचा असतो. घरच्या माणसाने रबरी फुग्याने धूळ उडवावी, मऊ कुंचल्याने ती झटकावी आणि तेथेच थांबावे. धोतराच्या सोग्याने किंवा पदराने भिंग खसाखसा पुसण्याची जी सवय असते, तिने बुरशीपेक्षाही जास्त भिंगे खराब केली असतील. धुळीतला वाळूचा एकेक कण काचेवर नांगरासारखा फिरतो.

भिंगापाशीच धातूच्या पातळ पाकळ्यांची झडप असते. ठरावीक काळ उघडून प्रकाश आत सोडणे आणि पुन्हा मिटणे हे तिचे काम. साध्या कॅमेऱ्यांत सेकंदाचा पंचविसावा व पन्नासावा भाग एवढेच दोन वेग असत. शिवाय बोट दाबून ठेवीपर्यंत झडप उघडी राहील अशीही सोय असे. जुनी झडप पुष्कळदा आळसावलेली असते: अर्धवट उघडते किंवा उघडून सावकाश मिटते. अशा वेळी शिलाईयंत्राचे तेल आणून दोन थेंब सोडण्याचा मोह होतो. हा मोह आवरलाच पाहिजे. या पाकळ्या कोरड्याच चालाव्यात अशी त्यांची रचना असते. बहुधा उन्हाळ्याच्या उष्णतेने इतर भागांतील वंगण पातळ होऊन पाकळ्यांवर पसरलेले असते, आणि तोच तर आजार असतो. त्यावर आणखी तेल म्हणजे अजीर्णावर मेजवानी. काही कॅमेऱ्यांत याच्या उलट घडते. भिंग फिरवण्याच्या आट्यांतील वंगण वाळून डिंकासारखे घट्ट होते आणि भिंग जागचे हलत नाही. जोर लावला, तर भलताच भाग निखळतो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. भिंगाची चौकट फिल्मशी समांतर उभी राहते की नाही ते पाहावे. आधाराच्या पट्ट्या सैल झाल्या असतील, तर चित्राची एक बाजू रेखीव व दुसरी अंधूक येते. पितळी भागांवर हिरवा जंगाल चढलेला असतो, तो वरवर पुसावा. चामडे कसरीने खाल्ले असले, तरी कामात व्यत्यय येत नाही. मिटताना भिंग मागे आपल्या जागी नेल्यावाचून झाकण लोटू नये.

एका गोष्टीविषयी मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तिच्यात चांगल्या हेतूने वाईट घडते. घडीच्या कॅमेऱ्यासोबत त्याच्या मापाचे चामडी घर मिळे. त्यात कॅमेरा घालून, घर फडक्यात गुंडाळून, फडके ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर, अशा बंदोबस्तात ठेवलेले कॅमेरेच बुरशीने अधिक ग्रासलेले आढळतात. चामडे व कापड पावसाळ्यातील ओल शोषून घेतात आणि हिवाळ्यापर्यंत ती सोडीत नाहीत. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा नुसताच ठेवावा. पुड्या ओलावल्या की तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. चामडी घर वेगळे ठेवावे. पाऊस उघडल्यावर कॅमेरा बाहेर काढून, उघडून, झडप दहा-वीस वेळा चालवावी. खंडेनवमीस हत्यारे व यंत्रे पुजण्याची चाल या कामास सोयीची आहे; फक्त हळदकुंकू पेटीच्या पाठीवर वाहावे, कारण कुंकवाची पूड झडपेत गेली की ती वर्षभर तेथेच राहते.

परंतु या मुलखात पाणी नेहमीच हळूहळू, हवेतून येत नाही. २५ जुलै २००५ रोजी अतिवृष्टीने महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारीच्या पुराने महाड शहरातील असंख्य घरांचे खालचे मजले बुडाले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा प्रलयात माणसे, गुरे, घरे यांच्यापुढे एका कॅमेऱ्याची ती काय कथा! तथापि पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना लोक ज्या वस्तू शोधतात, त्यांत गेलेल्या माणसांची छायाचित्रे असतात. भिंतीवरची तसबीर चिखलात विरघळलेली असली, तरी त्याच माणसाची प्रतिमा कॅमेऱ्यातील न धुतलेल्या फिल्मवर शिल्लक असू शकते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रकाश पडताच फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या कणांत अत्यंत सूक्ष्म बदल होतो. तो डोळ्यांस दिसत नाही. रसायनात धुतल्यावर चित्र प्रकट होते. तोपर्यंत ते सुप्त असते, आणि ही सुप्तावस्था कधीकधी कित्येक दशके टिकते. स्वीडनचा आंद्रे दोन सोबत्यांसह १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि नाहीसा झाला. १९३० मध्ये एका हिमाच्छादित बेटावर त्या तिघांचे अवशेष व त्यांच्या फिल्म सापडल्या. तेहतीस वर्षांनंतर धुतलेल्या त्या फिल्मवरून ९३ चित्रे मिळाली. बर्फात कोसळलेल्या बलूनकडे पाहत उभी असलेली माणसे त्यांत दिसतात. एव्हरेस्टवर ८ जून १९२४ रोजी शेवटचे दिसलेले मॅलरी व आयर्विन यांच्याजवळ सॉमरवेल या सोबत्याने दिलेला व्हेस्ट पॉकेट कोडॅक होता. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा सापडला नाही. तो मिळाला, तर ते शिखरावर पोहोचले होते किंवा नाही याचा उलगडा त्यातील फिल्मवरून होईल, अशी आशा अद्याप बाळगली जाते.

ध्रुवावर किंवा एव्हरेस्टवर थंडी ही राखणदार असते. महाडास असा राखणदार नाही. उष्णता व ओल यांनी सुप्त चित्र अंधूक होत जाते, फिल्मवरील जिलेटिन मऊ पडते आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून येथे सापडलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत उतावीळपणा आणि चालढकल हे दोन्ही सारखेच घातक. मागचे झाकण उघडण्यापूर्वी लाल काचेतून आत पाहावे. एखादा आकडा किंवा कागदाचा रंग दिसला, तर आत फिल्म आहे असे समजावे आणि झाकण उघडू नये. एका क्षणाच्या उजेडाने सगळे पुसले जाते. कोरडा कॅमेरा तसाच काळ्या कापडात गुंडाळून, थंड जागी ठेवून, जुनी फिल्म धुणाऱ्या जाणकाराकडे पोहोचवावा. त्याला ऊब देण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण १९५० पूर्वीच्या कित्येक फिल्म नायट्रेटच्या असत आणि त्या भडकन पेटतात. पुरात भिजलेल्या फिल्मची गोष्ट निराळी. ती वाळली की रिळाचे वेढे एकमेकांना कायमचे चिकटतात. यास्तव अंधारात काढून, स्वच्छ थंड पाण्यात बुडवून, ओल्याच स्थितीत दोन दिवसांच्या आत ती धुवावयास द्यावी लागते. कागदावरची भिजलेली छायाचित्रेही गठ्ठ्यात वाळू देऊ नयेत. चिखल स्वच्छ पाण्याने हळुवार निथळू द्यावा, चित्राच्या बाजूस बोट लावू नये आणि एकेक सुटे करून, तोंड वर करून, सावलीत पसरावे.

घडीचे खिसा-कॅमेरे हौशी माणसांच्या हाती होते, त्याच काळात, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील या गावात त्या वर्षांत कोणाच्या खिशात कॅमेरा होता आणि त्याने काय टिपले, हे त्या-त्या घरच्या ट्रंकेलाच ठाऊक. म्हणून असा कॅमेरा मिळताच तो कोणाचा, कोठे व कोणत्या वस्तूंसोबत सापडला, हे एका कागदावर लिहून ठेवावे. १९१४ पासून निघालेल्या काही कोडॅकमध्ये तर लिहिण्याची सोय यंत्रातच होती. पाठीवर एक अरुंद दार असे आणि त्याच्याशेजारी धातूची बारीक शलाका अडकवलेली असे. चित्र घेतल्यावर दार उघडून शलाकेने फिल्मच्या कागदावर नाव-तारीख लिहावयाची आणि क्षणभर उजेड दाखवावयाचा. लेखणीच्या दाबाने कागदाआडचा काळा थर तेवढ्या रेषांपुरता पारदर्शक होई आणि अक्षरे दोन चित्रांमधील कोऱ्या जागेवर उमटत. ती शलाका बहुतेक कॅमेऱ्यांतून आता हरवलेली असते. पण तिने लिहिलेले अक्षर फिल्मवर असेल, तर ते चित्राबरोबरच धुऊन निघते, लिहिणाऱ्याच्या हस्ताक्षरात.